दाजींची तहान

उस्मानाबाद,
ता. १० नोव्हेंबर १९८५

ति. अक्का यांना,

ज्ञानोबाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे मी, तारामती व मुलं खुशाल आहोत. तिकडची, विशेषतः दाजींची खुशाली कळवावी. तुमच्या गावचा बिरू कंडक्टर परवा स्टँडवर भेटला होता. दाजी जरा सुकल्यासारखे दिसतात असं तो म्हणाला. ईटचा एवढा नावाजलेला पैलवान सुकतो म्हणजे काय? दुष्काळ माणसांच्या अंगालाही लागला की काय?

मोठी बातमी अशी, की तुमचा भाऊ पळू लागला आहे. घाबरू नका, घरातून नव्हे, रस्त्यावरून. आमच्या भूमी अभिलेख ऑफिसात तपासणीला डॉक्टर आले होते. त्यांनी माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि मग माझ्या पोटाकडं असं बघितलं, जणू सरकारी जागेवरचं अतिक्रमण आहे. त्याच आठवड्यात आमचे हेडक्लार्क गुरुलिंग यांनी पेपरातलं एक कात्रण आणलं. पळा, कोमट पाणी प्या, तेल बदला, शंभर वर्षं जगा, असा त्याचा मथितार्थ. तेव्हापासून अर्धं ऑफिस सकाळी तुळजापूर रोडला पळतं.

पहिल्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून निघालो तर नाक्यावरच्या एका म्हाताऱ्यानं हटकलं. एस्टी चुकली असेल तर जिवाचा आटापिटा करू नका, मागून दुसरी येते, असं त्यानं समजावलं. मागं लागणारी कुत्री मात्र समजावणीतली नाहीत.

डालड्याचा डबा घरातून हद्दपार केला, तारामतीनं त्यात मिरचीचं रोप लावलं. आता सूर्यफुलाचं तेल. शिवाय उठल्याबरोबर तोंड न धुता चार तांबे पाणी प्यायचं. नळाला दोन-दोन दिवस पाणी नसतं, त्यामुळं ह्या उपचारावर तारामतीचा राग आहे. घागर मी भरायची आणि रिचवायची तुम्ही, असं म्हणते. तुम्हीच तिला दोन शब्द लिहा.

बिरूच्या हाती जवसाची चटणी पाठवावी. ती पेपरात चांगली सांगितली आहे. लहान भावावर जीव आहे तसाच असू द्यावा.

आपला,
ज्ञानोबा

---

ईट,
ता. २४ नोव्हेंबर १९८५

चि. ज्ञानोबास,

पुतळाअक्काचे अ. आ. आणि जयभीम. तुजं पत्र पोचलं. वाचून यवढी हासले की शेजारची बनाबाई काय झालं म्हून बघाया आली. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, आमी टँकरमागं पळतो त्याला कुणी व्यायाम म्हणत न्हाय, धाराशिवला पळलं की पेपरात येतं. ती म्हणाली ते काय खोटं न्हाय.

चटणी धाडलीय. आपली माय रोज खायाची तवा तू नाक मुरडायचास. आता पेपरानं सांगितल्यावर गोड लागंल.

पाण्याचं म्हणशील तर तुज्या त्या उपचारात तुजे दाजी जिल्ह्यात पयले येतील. चार तांबे काय घेऊन बसलास? आख्खी कळशी एकलेच रिचवतात. जेवताना पाणी, उठल्यावर पाणी, निजल्यावर पाणी. टँकरपाशी म्या भांडून आणायचं आन् ह्यांनी घटाघटा प्यायचं. तवा तारामतीचा राग मला समजतोय, तिला काय बी लिवणार न्हाय.

बिरू बोलला ते खरं हाय. वाळल्यात. दोन माणसांची भाकर खातात, वर गुळाचा खडा लागतोच, तरी पोटऱ्या लाकडावानी झाल्यात. ह्यांचं म्हणणं असं की गावात सहकारी डेअरी आली आन् दूध क्यानमधी जाऊ लागलं, म्हून पैलवान च्यावर आला. डेअरीचे संचालक हेच, आन् गाऱ्हाणं सांगणारे बी हेच. बाजाराच्या दिशी फटफटीवर एक सुईवाला येतो, लाल रंगाची ताकदीची सुई देतो. निम्मं गाव दंड उघडा करून रांगंत. हे सगळ्यात म्होरं.

बाकी बरं हाय. परसात भितीकडंला मुंग्या लई झाल्यात. हे लघवीला उठून जातात बग, त्याच जागी. हळद टाकली, राख टाकली, हटंनात. काय औषीद आसंल तर तुज्या पेपराला इचार.

पोरांचा मुका घे. आमच्या बाजूनं माया हायच, तुज्या बाजूनं पत्र यीत जावं.

तुजी,
अक्का

---

उस्मानाबाद,
ता. ८ डिसेंबर १९८५

ति. अक्का यांना,

सविनय जयभीम, वि. वि. पत्र व चटणी दोन्ही पोचली. चटणी ऑफिसात नेली होती, डबा रिकामाच परत आला.

दाजींना माझ्यातर्फे शाबासकी सांगा. मी पेपर वाचून जे शिकलो ते त्यांनी आपणहून सुरू केलं, याला म्हणतात जातिवंत पैलवान. पाणी मुळीच कमी करू देऊ नका. पाण्यानं अंगातली सगळी घाण धुऊन निघते. अशक्तपणासाठी बिरूबरोबर ग्लुकोज पावडरचा मोठा डबा पाठवत आहे. इथं सगळे खेळाडू तेच पितात. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे द्यावं, महिन्यात दंड भरून येतील. मुंग्यांना रॉकेल शिंपडा.

इकडची प्रगती सांगतो. पँट ढिली झाली आहे. तारामती म्हणते पट्टा जुना झाला आहे. शीर्षासनही करून पाहिलं. पाय वर गेले, पण खाली येताना ट्रंकेवर आले. गुरुलिंगांनी मोड आलेली मटकी खायचा नेम धरला, ती टेबलाच्या खणात ठेवली आणि चार दिवस रजेवर गेले. परत आले तेव्हा खणातून वेल बाहेर आला होता. साहेबांनी त्याचा पंचनामा करायला सांगितलं.

प्रजासत्ताक दिनाला आमच्या पळणाऱ्यांची शर्यत ठरली आहे. मला पहिला नंबर नको, पण साहेबांच्या पुढं राहायचं आहे. तुमचा आशीर्वाद पाठीशी ठेवा, म्हणजे कुत्री मागं राहतील.

आपला,
ज्ञानोबा

---

ईट,
ता. २६ डिसेंबर १९८५

चि. ज्ञानोबास,

अ. आ. तुजा ग्लुकोजचा डबा ह्यांना लई आवडला. चमच्यानं प्यायचं सांगितलंस, हे वाटीनं पितात. डबा सरला बी. मेव्हण्याला सांग दुसरा धाड म्हणाले.

पर ज्ञानोबा, ताकद काय दिसंना. डेअरीच्या सभेला गेले न्हाईत. सभा बुडवणारा माणूस न्हवं हा, तुला ठावं हाय. पेपर हातात धरतात आन् पान न उलटता ठिवून देतात. अक्षर हालतंय म्हणतात. मागल्या पंधरवड्यात चप्पल पायाला चावली, करंगळीपाशी. यवढीशी जखम, ती मिटायची सोडून पसराया लागलीय. दुखतंय का म्हून इचारलं तर न्हाय म्हणतात, आन् मलाच भ्या वाटतं की आसलं घाण दिसतंय ते दुखत कसं न्हाय? सुईवाल्यानं मलम दिलंय आन् सुईचा रंग बदललाय, आता पिवळी देतो.

कुणाला काय बी लिवू नको, मेव्हणा उगं धावत यील, आसं त्यांनी बजावलंय. म्हून म्या लिवतीय.

तुज्या शर्यतीला माजा आशीर्वाद हाय. पर जमलं तर त्याच्या आदी येकदा यून जा.

तुजी,
अक्का

---

उस्मानाबाद,
ता. ३० डिसेंबर १९८५

ति. अक्कांना,

तारामतीचा जयभीम. ह्यांच्याआधी मी लिहिते, कारण पत्र नेणारा बिरू दारात उभा आहे आणि हे पिशवी भरतायत.

तुमचं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. मी भाकरी थापत होते. पायाचं ऐकलं आणि माझा हात थांबला. मग तुमचं आधीचं पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. तहान, भूक, वाळणं आणि त्या मुंग्या. अक्का, माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आमच्या परसात पण मुंग्या झाल्या होत्या आणि आम्ही पण राख टाकत होतो. त्यांच्या लघवीतून साखर जात होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. हा गोड लघवीचा आजार आहे, मधुमेह म्हणतात. डॉक्टर तपासून काय ते सांगतील, पण एक दिवस पण दवडू नका.

गूळ बंद. ग्लुकोज बंद. ती सुई बंद. पाय स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा. हे उद्या पहिल्या गाडीनं येतायत. दाजी नाही म्हणतील, तरी तुम्ही दोघांचे कपडे बांधून तयार राहा. मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे पळून येऊन बूट सोडत होते. एक बूट पायात, एक हातात, तसेच पिशवी शोधायला उठले. तो डबा आपण पाठवला, एवढंच म्हणाले.

अंथरूण घालून ठेवते. रागवू नका, घाईत मानपान राहून गेला.

तुमची,
तारामती

---

उस्मानाबाद,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

ति. अक्का यांना,

सविनय जयभीम, वि. वि. तुम्ही दोघं गावी गेल्यापासून घर ओकंबोकं झालं आहे. महिनाभर दवाखान्यात डबा न्यायची सवय लागलेली, तारामती अजून दोन भाकरी जास्त थापते आणि त्या मीच खातो.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. रक्तातली साखर इतकी चढली होती, की आणखी आठ दिवस गेले असते तर पाऊल तरी गेलं असतं, नाहीतर माणूस. पायाच्या करंगळीवर भागलं. दाजी शुद्धीवर आल्यावर म्हणाले, कुस्तीत करंगळीचा काय उपयोग नसतो.

त्या डब्याचं मी त्यांच्यापाशी काढलं. मोठ्या तोंडानं सल्ला दिला आणि तुमच्या घरात विषच पाठवलं, असं म्हणालो. दाजींनी डोळे मिटूनच सांगितलं, की लई गोड होतं, पाठवणाऱ्याचं मन पण गोड होतं, आता हा विषय पुन्हा काढशील तर ह्या पायानं लाथ घालीन. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन मी जे रडलो ते तुम्हाला ठाऊक नाही. झाडूवालीनं मला बाकावर बसवून पाणी दिलं.

शर्यतीचं सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. गुरुलिंग पहिले आले. पळणारे दोघंच होते आणि दुसरे साहेब होते.

काळजी आहे ती इन्शुलिनच्या सुईची. नर्सबाईंनी तुम्हाला लिंबावर शिकवलं तेव्हा तुम्ही लिंबाला बरोबर टोचलं, पण दाजींच्या अंगाला हात लावायची वेळ आली की सुई ठेवून बाहेर जात होता. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई रोज देतील असं ठरलं होतं, ते चालू आहे का? बाटली थंड राहते का? दाजी खातात काय? सगळं सविस्तर लिहा. पत्राला उशीर केलात तर मी येऊन उभा राहीन, तेव्हा माया पत्रातूनच करावी.

आपला,
ज्ञानोबा

---

ईट,
ता. २३ फेब्रुवारी १९८६

चि. ज्ञानोबास,

अ. आ. तारामतीला येगळे आणि जास्तीचे आशीर्वाद.

सगळं सांगते. औषिदाची बाटली नव्या मडक्यात, ओल्या वाळूत ठिवलीय. टँकरचं पाणी आल्यावर पयलं त्या वाळूला, मग आमाला. हे आता ज्वारीची भाकर, पालेभाजी, वरण खातात. गूळ दिसला की तोंड फिरवतात. पर आदी शिवी देतात. जखम भरून आलीय. सकाळी डेअरीपातूर चालत जातात, सभेला बी बसले परवा. सुईवाला बाजारात आला तवा त्येच्या रांगंतल्या लोकांना हेच म्हणाले, आदी लघवी तपासा, मग दंड उघडा करा. दोघंजण खरंच तपासाया गेले, त्येतल्या एकाला साखर निघाली बी. सुईवाला आता दुसऱ्या गावचा बाजार करतोय म्हणं.

नर्सबाई रोज येत व्हत्या. पर गेल्या मंगळवारी त्यांना भूमला मिटिंगला जावं लागलं आन् निरोप आमाला सकाळी कळला. सुई घेतल्याबिगर जेवायचं न्हाय, हे तुला ठावं हाय. हे ताटावर बसलेले. भाकर म्होरं. हात लावंनात. माज्याकडं बघंनात बी. उपाशी ऱ्हातो, यका दिसानं काय मरत न्हाय, आसं भाकरीलाच सांगत व्हते.

मला राग आला बग. कुणाचा ते कळंना. चुलीवर पाणी ठिवलं, सुई उकळली. बाटलीतनं औषीद वढलं, नर्सबाईनं दावलं तसं बुडबुडा काढला. हात इतका कापत व्हता की बनाबाई म्हणाली, ऱ्हावू दे, भूमला माणूस धाडू. म्या तिला भाईर घालवलं.

आन् पैलवान काय करावा? बाजारात हासत हासत लाल पिवळ्या सुया घेणारा माणूस, त्येनं डोळं गच्च मिटलं आन् माजा पदर मुठीत धरला. लगीन होऊन तीस वरसं झाली आसतील ज्ञानोबा, ह्यांनी माजा पदर कदी धरला न्हवता. त्येच्यानंच माजा हात थांबला. कापायचा थांबला म्हणते.

आटपलं सगळं. म्या सुई धुवून डब्यात ठिवली, तरी हे डोळं मिटूनच बसलेले. मग हळूच इचारलं, कवा टोचणार? म्या म्हटलं, जेवा आता, भाकर गार व्हतीय. हे जेवले. म्या परसात गेले आन् पोटभर हासले, का रडले, मलाच म्हायती न्हाय.

दुसऱ्या दिशी नर्सबाई आल्या तर ह्यांनी वट्ट्यावरनंच सांगितलं, बाई, च्या घ्या आन् जावा, हितं आता घरचीच डाक्तरीण हाय. तवापासनं म्याच देते.

तुजं पळणं चालू दे. आमच्या दोघांचं बी तुमच्यावर तसंच मन हाय, ते कमी व्हायचं न्हाय.

तुजी,
अक्का

ता. क. हे मागं उभं ऱ्हावून वाचतायत. अक्षर आता हालत न्हाय म्हणं. दोन ओळी मला बी लिवू दे म्हणून पेन वढून घेतलंय.

ज्ञानोबा, जयभीम. तुझ्या बहिणीनं टोचलेली सुई अजिबात कळत नाही. टोचतं ते तिचं बोलणं, त्यावर पेपरात काय उपाय आला तर कळव. — श्रीपती