टोकन सतरा आणि बॅकअपचं सिम

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज सकाळी अकरा चाळीसला माझं आयुष्य बदललं. मोबाईल कंपनीच्या गॅलरीत काउंटरवरच्या मुलीने टोकन सतरा पुकारलं. सतरा मी होतो. तिच्या गळ्यातल्या कार्डावर नाव: तृप्ती.

आता कामाचं. आमचं ऑफिस इंदिरानगरात, द्राक्षं परदेशी पाठवतं. मालक ललितशेठ. गेल्या आठवड्यात दोन तास नेट गेलं तर घरात माणूस गेल्यासारखे ओरडले. मला म्हणाले, चंदर, इंजिनीअरिंग अर्धवट सोडलंस, हे तरी पूर्ण कर. काम एवढंच: फायबर बंद पडलं की राऊटरने आपोआप सिमवर जायचं. वर धमकी, सीझनमध्ये एक कंटेनर जरी कागदांवाचून अडला तर तोंड दाखवू नकोस. बघतीलच.

मंगळवार, ४
ऑफिसच्या सिमसाठी माझा फोटो काढला. तृप्ती म्हणाली, सर, इकडे बघा, आता डोळे मिचकावा. दुसऱ्याच दिवशी! मागच्या टकल्यालाही तेच सांगितलं, पण ते ड्यूटी म्हणून. माझ्या वेळी आवाज वेगळा होता.

गुरुवार, ६
वत्सलाबाई पंचवीस वर्षं ऑफिसचे कागद बघतात, त्यामुळे इंटरनेटही त्यांनीच शोधलं. म्हणाल्या, अरे, आपलं फायबर ह्याच कंपनीचं ना? मग सिम तरी दुसरीकडचं घे. एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवून काय करशील बाबा? मी सुनावलं, बाई, हे वायरलेस आहे, ह्यात विहीर नसते. त्या परत फायलीत शिरल्या. जिंकलो.
दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर एक मिशीवाला बसतो. कोण जाणार तिथे.

शनिवार, ८
टेस्ट. सगळ्यांसमोर फायबरची वायर उपटली. चाळीस सेकंदांत नेट सिमवर! ललितशेठ म्हणाले, बरं झालं. बरं? टाळ्या वाजवून हात झिजले असते?
संध्याकाळी सिम नीट चालतंय हे कळवायला गॅलरीत गेलो. पाचवी खेप. तृप्तीने विचारलं, आता काही प्रॉब्लेम नाही ना, सर? काळजी करते. ठरलं. पहिला कंटेनर माझ्या बॅकअपवरून सुटला की तिला विचारणार.

बुधवार, १२. दुपारी १.१०
पाथर्डी फाट्याकडे रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली. फायबर गेलं. पहिल्या कंटेनरचे कागद चारच्या आत ऑनलाइन भरायचेत. सगळे माझ्याकडे बघतायत. मुद्दाम पाय पसरून बसलो.

१.२५
सिमला रेंज फुल्ल. नेट शून्य.

१.५०
राऊटर तीनदा बंद-चालू केला. कस्टमर केअरवाला म्हणतो, सर, तुमच्या भागातल्या टॉवरलाही तीच केबल जाते. हे सिम विकताना सांगायला काय झालं होतं? वत्सलाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मुद्दाम. मला छळायला.

२.४०
गॅलरी. ही गर्दी. टोकन त्रेसष्ट. तृप्तीने मान वर न करता विचारलं, नवीन सिम की पोर्ट? म्हणालो, मी चंदर. म्हणाली, आधार आणलंय का दादा?
तिच्या कॉम्प्युटरवर मात्र नेट धावत होतं. शेजारी तिचा स्वतःचा फोन, हॉटस्पॉट चालू. वर दुसऱ्या कंपनीचं नाव. विचारलं तर म्हणाली, इथलं वरचेवर जातं हो, मी दोन वर्षं हेच वापरते.
मिशीवाल्याकडचं!

४.३०
कागद गेले. वत्सलाबाईंच्या फोनवरून, चार मिनिटं राखून. ललितशेठ ओरडले असते तर चाललं असतं. पण ते मऊ आवाजात म्हणाले, चंदर, उद्या दुसरं सिम आण, आणि हो, वत्सलाबाईंना बरोबर घेऊन जा. बाई म्हणाल्या, चल रे, मी सांगते कुठलं घ्यायचं. संजना अकाउंटंट खुसखुसली.
ह्या लोकांना माझी किंमत नाही. म्हणालो, मी कुणाचं बोट धरून चालणारा नाही, तुमचं नेट तुम्ही लावा. बॅग उचलली. बाहेर आलो. इमारत हादरावी असं दार आपटलं.
दाराला वर तो हळू मिटवणारा दांडा लावलाय. ओढलं, ढकललं, लाथ घातली. दार आपल्या चालीने आलं. काचेतून तिघं बघत होती. मी उभाच. शेवटी ते लागलं, टक्.