दातांवरून वय

३ मार्च

आणला एकदाचा! कुत्र्यांच्या निवाऱ्यातली ताई फाटकापर्यंत सोडायला आली, डोळे पुसत होती. म्हणाली, म्हातारी कुत्री कुणी नेत नाही, सगळ्यांना पिल्लंच हवीत. 'तुमचं मन मोठं आहे, काका.'

मन मोठं! मी काय केलं ते मला ठाऊक. प्रत्येक पिंजऱ्यापुढे उकिडवा बसलो आणि दात पाहिले. जन्मभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या. माणसाचा चेहरा विसरेन, दात विसरणार नाही. याचे सुळे पार झिजलेले, पुढचे तर हिरडीला टेकलेले. ताई म्हणाली, आठेक वर्षांचा असेल. मी मनात म्हटलं, छे, तेरा तरी. फार तर वर्ष काढेल. पुढच्या वर्षी निवृत्त झालो की मुलाकडे राहायला जायचं, आणि त्याच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. तोवर सोबत होईल, पुढे प्रश्नच उरणार नाही. म्हणून हा.

लिहितानासुद्धा ओशाळल्यासारखं होतंय.

४ मार्च

नाव ठेवलं – आजोबा. सोफ्याखालून बाहेर यायला तयार नाही. अन्नाला तोंड लावलं नाही.

९ मार्च

आज माझ्या हातून खाल्लं!

मी म्हातारा कुत्रा घेतला म्हणून बहिणीने सगळीकडे डांगोरा पिटलाय. लॅबमध्ये चहाच्या वेळी साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी मान खाली घालून बिस्किट बुडवत राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

२१ मार्च

मी दाढी करतो तेव्हा न्हाणीघराच्या दारात बसून राहतो. लॅबमधून यायला उशीर झाला की रागावल्यासारखा पाठ करून बसतो, मग न राहवून शेपूट हलवतो. बायको गेल्यापासून या घरात मोठ्याने बोलायची सवयच मोडली होती. आता बातम्या लावल्या की मी तावातावाने बोलतो आणि हा ऐकून घेतो. मध्येच उठून जात नाही. एवढा धीर तर हिलाही नव्हता.

६ एप्रिल

आजोबाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हृदय छान, डोळे छान. दात बघून म्हणाल्या, 'हे वयाने झिजलेले नाहीत, काका. पिंजऱ्याचे गज चावून झिजलेत. घाबरलेली कुत्री करतात असं. आठच्या वर नाही हा. नीट सांभाळलंत तर अजून पाच-सहा वर्षं कुठे गेली नाहीत.'

माझा चेहरा पडला.

बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, 'चांगली बातमी आहे ना?' हो हो, म्हटलं. आजोबा टेबलावरून माझ्याकडेच बघत होता, शेपूट चालू. माझ्यासारखा नीच माणूस नसेल! एखादा जीव जास्त जगणार म्हणून वाईट वाटून घेणारा.

घरी येऊन त्याचे दात पुन्हा पाहिले. सुळे मागच्या अंगाने घासलेले. वयाने झिजणारा दात असा मागून घासला जात नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हा दिसलं कसं नाही? मला म्हातारा हवा होता, म्हणून म्हातारा दिसला.

७ एप्रिल

परत देऊन यावा, हेच दिवसभर डोक्यात. शेवटी ताईला फोन लावला. 'कसं आहे माझं बाळ?' तिने विचारलं. मजेत आहे म्हटलं आणि ठेवून दिला.

१२ एप्रिल

फिरायला आज नवा रस्ता धरला. कोपऱ्यावरच्या बंगल्याला गजांचं उंच फाटक आहे. ते दिसताच आजोबा खाली बसला. थरथर कापत माझ्या पायाला चिकटून राहिला, काही केल्या उठेना. मीही तिथेच फुटपाथवर बसलो. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

नाही नेणार परत. माझ्याच्याने व्हायचं नाही.

पण मुलाला काय सांगू? माझ्यासाठी खोली रंगवून घेतली म्हणाला होता. नातवंडांनाही सांगून ठेवलंय म्हणे. कुत्र्यापायी बाप येत नाही म्हटल्यावर त्याला किती लागेल!

१३ एप्रिल

मुलाला फोन केला. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, एकच बोलायची वेळ आली. 'चालेल, बाबा,' म्हणाला. किती पटकन म्हणाला! असं कसं, म्हणून एकदाही विचारलं नाही. फोन ठेवताना त्याने सोडलेला सुस्कारा ऐकू आला. आजोबाचं वय तेरा मोजलं तेव्हा मीही अगदी असाच सुटलो होतो.