खुनापर्यंत पोचलोच नाही

१ एप्रिल, बुधवार
डोंगरावरच्या आमच्या लाकडी घरात आईसकट चौघे पोचलो. वीज नाही, नळ नाही, संडास बर्फातून चाळीस पावलांवर. म्हणजे सगळं व्यवस्थित. ईस्टरला इथे बसून खुनाच्या कादंबऱ्या वाचल्या नाहीत, तर नॉर्वेत जन्मून मिळवलं काय? माझ्या लहानपणी बाबा याच खिडकीशी दिवसभर वाचत. हल्ली वाचतो कोण? ठराव : चौघांचे फोन बंद. मी पाच दिवसांत तीन कादंबऱ्या.
बायको, मारित, म्हणाली, "यंदा तूवा रमली नाही, तर हे घर विकून टाकू." सोळा वर्षांची मुलगी रमत कशी नाही, बघतोच.

२ एप्रिल, सकाळी १०
फोन जप्त. बिस्किटांच्या डब्यात. तूवा म्हणाली, "बाबा, तुरुंगात निदान भेटायला तरी कुणी येतं." दुर्लक्ष केलं. पान ९.

दुपारी २
पान ९. उजेड चुकीच्या बाजूने येतो. खुर्ची हलवली. चष्मा पुसला. लाकडं फोडली.

३ एप्रिल
पान ११. लेखक फार पाल्हाळ लावतो. पूर्वी पहिल्या पानावरच मुडदा पडायचा.
तळ्यावरून पाणी आणलं. येताना टेकडीवर रेंज मिळते, हे सहज लक्षात आलं. डब्यातला फोन खिशात कसा आला, ते इथे लिहायची गरज नाही. फक्त हवामान पाहिलं. पन्नास मिनिटं.

४ एप्रिल
आज चौथ्यांदा पाणी. आई त्र्याऐंशीची, पण तोंड शाबूत : "शेटिल, आता गाव आंघोळ करेल एवढं पाणी झालं. बस की जरा!"
तूवाची दुसरी कादंबरी संपत आली. खुनी कोण, यावर आजीशी पैज. तूवा म्हणते डॉक्टर. आजी म्हणते, "अगं, त्या बावळटाला इंजेक्शन धड देता येत नाही. त्याच्या बायकोवर नजर ठेव." मीही मत दिलं. तिघी एकदम : "तू वाचलंयस का?"
उद्धट घर.

५ एप्रिल, ईस्टर
टेकडीवरून घसरलो. गुडघा सुजला. तूवाने दुर्बिणीतून सगळं पाहिलं होतं. "काय बाबा, हवामान कसंय?"
विषय बदलायला बाबांच्या वाचनाची आठवण काढली. आई हसतच सुटली. "तुझे बाबा? पुस्तक तोंडावर धरून घोरायचे! वाचायचे मी, एका हाताने बटाटे ढवळत."
वय झालं तिचं. स्मृती दगा देते.

६ एप्रिल, निघायचा दिवस
मारितने जाहीर केलं, घर विकायचं नाही. जिंकलो! म्हटलं होतं की नाही?
मग कळलं, तिघी अजून दोन दिवस राहणार. तूवा शाळा बुडवणार, आणि मारितची हरकत नाही! मी म्हटलं, मग मीही थांबतो. आईने गालावरून हात फिरवला. "तू जा, बाळा. तुझे हाल बघवत नाहीत."
बॅग तूवाने आधीच भरून ठेवली होती.

७ एप्रिल, संध्याकाळी ६
ऑफिसातून घरी. घरात अगदी पूर्वीसारखी शांतता. वाचायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.
टीव्ही लावला.