आजीवरचा आळ

३ मार्च

चि. ठमी हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या पत्रातील हकिकत चुकीची आहे. ती आधी दुरुस्त करतो. तुझ्या आईचा आतड्याचा कर्करोग आजीच्या माहेरून आलेला नाही. घरात सगळे तसेच म्हणत आले आणि तुझी आजी अखेरपर्यंत मनात कुढत राहिली. मी जन्मभर जमिनी मोजल्या. ऐकीव हद्द कधी मान्य केली नाही. म्हणून गेल्या महिन्यात स्वतःचे रक्त तपासून घेतले. तुझ्या आईच्या जनुकात जो बदल होता, तोच माझ्यात निघाला. मला मात्र तो आजार एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत शिवलेला नाही.

तुलाही तो होणारच, मग तपासून उपयोग काय, असे तू लिहितेस. हेही चूक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, आईकडून हा बदल तुझ्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. आला तरी धोका वाढतो, आजार ठरत नाही. शिवाय वेळेत सापडल्यास अशा गाठींचे रुग्ण पुष्कळदा इतरांहून चांगले तगतात. तुझ्या आईने दुखणे अंगावर काढले, घात त्याने झाला. हट्ट सोड.

लोभ आहेच, तो भीतीहून मोठा ठरू दे.

तुझा आजोबा

२१ एप्रिल

ती. आजोबांना सा. न.

वि. वि. तपासून आले. तो बदल माझ्यातही आहे. नाक तुमचं, हट्ट तुमचा, आता हेही तुमचंच! रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या जिन्यात बसून खूप रडले. मग दुर्बिणीने आतडं तपासलं. आतल्या अस्तरावर मांसाचे दोन छोटे कोंब सापडले, ते तिथल्या तिथे काढले. कर्करोग नव्हता, पण राहिले असते तर पुढे होऊ शकला असता, म्हणे. आता दरवर्षी तपासणी.

मावशीला बजावलं की आजीचं नाव यात पुन्हा घ्यायचं नाही. ती आधी रडली, मग स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ विचारू लागली.

माया असू द्या, माझ्या चुका दुरुस्त करणारी लाल शाई आवरा.

तुमची ठमी

२ मे

चि. ठमी हिस आशीर्वाद.

वि. वि. पत्र दोनदा वाचले. तुझ्या धैर्याचे कौतुक वाटते. पुढील तारखा घरात सर्वांना वाचून दाखव.

आजीचे निधन: ९ जानेवारी. कारण हृदयविकार, आतड्याचा संबंध नाही.

घरातील आजाराचा आरंभ: आमच्या लग्नाची तारीख नव्हे, माझी जन्मतारीख, ४ जुलै.

मावशीची तपासणी: तिने सांगितलेली १२ मे नव्हे, १९ मे. सोबत मी जाणार.

तुझी पुढील तपासणी: येत्या वर्षीचा एप्रिल. त्यापुढील चाळीस एप्रिलांसाठी जागा सोडली आहे. तू भरत राहा.