पावणेसहाचं पाणी

१ मार्च २०११, मंगळवार. एडमंटन

−२६. गाडीचं दार गोठलं होतं. वानखेडे साहेबांनी एक्स्टेन्शन लावून हेअर ड्रायरने उघडलं. ते कंपनीतले माझे वरिष्ठ, राहते त्यांच्याच घरी. त्यांच्या बायको, वहिनी, खिडकीतून हसत होत्या.

गावच्या खाडीतल्या भरतीचा तक्ता पूर्ण केला. १ मार्च ते १५ एप्रिल, ४६ दिवस, एकूण ८९ भरत्या. प्रत्येक भरतीपुढे तीन रकाने: होडी सुटू शकते ती वेळ, पाणी पूर्ण, शेवटची होडी. सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे आकडे देतं, म्हणजे इथल्या वेळेत. भारतातली वेळ काढायला प्रत्येक ओळीत साडेबारा तास मिळवले. आमच्या खाडीत पाणी समुद्रापेक्षा अर्धा तास उशिरा चढतं, तेही मिळवलं. पहिल्या दहा ओळी बाबांच्या हिशेबाशी ताडून पाहिल्या. जुळतात.

बंदरावरच्या झेरॉक्सवाल्याला मेल केला. बाबा बाजाराला गेले की घेतील.

आमच्या कोकणातल्या बेटावर साठ घरं. पूल नाही, डॉक्टर नाही. ओहोटीला दोन्ही काठांना दोनशे मीटर चिखल. धाकट्या बहिणीला, मंजूला, डॉक्टरांनी बाळंतपणाचा दिवस ८ एप्रिल दिलाय. सोनोग्राफीत बाळ पायाळू, डोकं वर. घरी होऊ द्यायचं नाही, थेट हॉस्पिटल, असं कागदावर लिहून दिलंय.

५ मार्च, शनिवार

सकाळी ६:३० ला फोन. तिकडे संध्याकाळचे सात. दर शनिवार-रविवारी बाबा सातला धक्क्यावर येऊन उभे राहतात. बेटावर रेंज फक्त तिथेच. बाकी दिवस मिस्ड कॉल: एक म्हणजे सगळं ठीक, लागोपाठ दोन म्हणजे फोन कर.

बाबांनी तक्ता लॅमिनेट करून दाराशेजारी ठोकला.

"मिनिटावर आहे म्हणतेस?"

"मिनिटावर."

"मग आता बोटं कशाला मोजू गो?"

एकतीस वर्षं त्यांनी तर, म्हणजे खाडीवरची ये-जा करणारी होडी, चालवली. तिथीची पाऊणपट, अधिक अर्धा तास. बोटांच्या पेरांवर. डिसेंबरात मं.ला तपासणीला नेताना त्यांचा हिशेब चाळीस मिनिटांनी चुकला. परतताना पाणी गेलेलं. सहा महिन्यांच्या पोटाने तिला गुडघाभर चिखलातून चालावं लागलं. पडली. काही झालं नाही. मी तेव्हा घरी होते. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "बाबा, अंदाजाचे दिवस गेले आता." ते पाय धुवायला गेले.

म्हणून तक्ता.

मं.ला पलीकडे मावशीकडे आधीच हलवा म्हटलं. ती फोनवर आली. "पालखी २७ ला आपल्या घरी येतेय ताई. ओटी भरल्याशिवाय मी हलणार नाही. २८ ला जाते. तुझ्या तक्त्यात बघून जाते, मग तर झालं?"

झालं.

१३ मार्च, रविवार

वहिनी सकाळी घरभर फिरून घड्याळं एक तास पुढे करत होत्या, इथे दर मार्चमध्ये करतात. ओव्हनचं त्यांना जमत नाही, ते मी केलं. "एक तास झोप गेली न आपली," साहेब म्हणाले. "नोव्हेंबरात परत करतात, पण तेव्हा नको असते." लॅपटॉपने स्वतःहून केलं. उठले तेव्हा झालेलं होतं.

काल फोनवर: मं. बरी. पायांना सूज. आई तिला मीठ देत नाही, मं. चोरून लोणचं खाते. आज धक्क्यावर कोणी आलं नाही. आई-बाबा लग्नाला गेलेत.

१६ मार्च, बुधवार. सस्काटून

एडमंटनहून पाच तास गाडी. पूर्ण सपाट. साहेब वाटभर बोलत होते. "तू काहीच बोलत नाही न पोरी. माझी मुलगी तरी 'आय नो, डॅड' म्हणते." मला सोडून जेवून परत गेले.

काम पोटॅशच्या खाणीत. जमिनीखाली एक किलोमीटर. तळाशी खारं पाणी झिरपतं, ते साठवणाऱ्या टाक्यांत पातळी मोजणारी यंत्रं बसवायची, पंपांना जोडायची. दुरुस्तीसाठी शटडाउन चालू आहे, त्यामुळे सुट्टी नाही. लिफ्टचा पिंजरा सकाळी ७ ला खाली जातो, ४:३० ला वर येतो. फोन खाली नेता येत नाही, वर हेल्मेटच्या दिव्यांच्या खोलीत ठेवायचा. खालचा कायमचा सुपरवायझर डेल, साठीचा. त्याने भिंतीचा खडा दिला आणि म्हणाला, चाटून बघ. चाटला. मीठ. इथे कधीकाळी समुद्र होता म्हणे. आता सर्वांत जवळचा समुद्र हजारेक कि.मी.

२० मार्च, रविवार

काल होळी झाली. ६:३० ला फोन केला.

"आज लवकर गो?" बाबा म्हणाले. मी नेहमीच्याच वेळेला केला होता. त्यांचं घड्याळ मागे असेल. होळीच्या राखेला नमस्कार करायला सगळे धक्क्यावर होते म्हणून भेटले.

मागे ढोल. ऐकू कमी येत होतं.

"काल पाणी जरा लवकरच फिरलं. तक्त्यात वेगळं होतं."

"किती लवकर?"

"बघितलं नाही नीट. गडबड होती."

"वारा कुठला होता?"

"मतलई."

"मग त्या जमिनीकडच्या वाऱ्याने. दहा-पंधरा मिनिटं फरक पडतो."

"असेल. तुला ठाऊक."

नोंद: वारा, −१५ मि.

पुनवेचं उधाण, पाणी चार-पाच तास राहतं. फरक जाणवत नाही.

२४ मार्च, गुरुवार

डब्याच्या वेळेला डेल मुलीबद्दल सांगत होता. ती कॅलगरीला असते. हिवाळ्यात तिला फोन करायचा तर एक तासाचा हिशेब ठेवावा लागतो, आता नाही. "अल्बर्टावाले दर मार्चमध्ये आमच्या वेळेला येतात आणि नोव्हेंबरात परत जातात. आम्ही घड्याळाला हात लावत नाही. सूर्य काय, गाई काय, सगळे तेच."

मी सँडविच खाली ठेवलं.

तक्ता एडमंटनच्या घड्याळाने केला होता. १३ मार्चला ते घड्याळ एक तास पुढे गेलं, आणि सॉफ्टवेअरने पुढच्या सगळ्या ओळींत तो तास आधीच धरला होता. १३ पासून साडेअकरा मिळवायला हवे होते. मी साडेबारा मिळवले. ताडून पाहिल्या त्या पहिल्या दहा ओळी. म्हणजे पहिल्या पाच-सहा दिवसांच्या.

१३ मार्चपासून प्रत्येक ओळ एक तास उशिरा.

"आज लवकर गो?" त्यांचं घड्याळ बरोबर होतं.

वर आल्यावर मोटेलमध्ये पुन्हा तपासलं. उत्तर तेच. उधाणाला चालून जातं. पण आता अष्टमी आली, भांगाची भरती. पाणी जेमतेम चढतं. होडीला दीड तास मिळतो, पूर्ण पाण्याच्या आधी ४५ मि. आणि नंतर ४५ मि. एक तास उशिरा गेलं तर समोर चिखल. पुढचं पाणी साडेबारा तासांनी.

बाबांना फोन लावला. तिकडे पहाट. पोहोचक्षेत्राबाहेर.

झेरॉक्सवाल्याला दुरुस्त तक्ता मेल केला. विषयात लिहिलं: जुना फाडून टाकणे.

२५ मार्च, शुक्रवार

मेलला उत्तर नाही. दुकान शिमग्यासाठी पंचमीपासून बंद आहे, संदीप म्हणाला. संदीप म्हणजे मं.चा नवरा. पुण्यात असतो. त्याला पहाटे ५:३० ला गाठलं, तिकडे संध्याकाळचे पाच.

"ताई, मी तर गाडीवाल्याला २८ ची वेळ तक्ता बघूनच दिलीय. तूच म्हणालीस मिनिटावर."

"हो. मीच म्हणाले."

"बरं, राहू दे ना. २८ ला जायचंय, आज पंचवीस. उद्या सातला बाबा धक्क्यावर येतील तेव्हा मी सांगतो. गाडीवाल्याला आत्ताच सांगतो. उद्या रात्री मी पण निघतोय, पालखीला पोहोचेन."

बरोबर आहे. उद्या त्यांचे सात म्हणजे इथले ७:३०. मी तेव्हा खाली. संदीप सांगेल. दोन दिवस हातात आहेत.

तरी बेटावरच्या शाळेच्या नंबरवर लावून पाहिला. वाजत राहिला. सुट्टी.

दिवसभर टाकीची पातळी आणि पडद्यावरचा आकडा जुळत नव्हता. ४ मि.मी. फरक. डेल म्हणाला, चार मिलिमीटर सोड. मी सोडलं नाही. तीनदा उघडून बसवलं.

२६ मार्च, शनिवार

५:३८. लागोपाठ दोन मिस्ड कॉल.

५:४० ला लागला. तिकडे ५:१०. वारा खूप. बाबा धावत आले असावेत, दम लागला होता.

"मंजूला चार वाजल्यापासून कळा येतायत. आई म्हणते दिवस आधीच आले. खुर्चीला बांबू बांधलेत, चौघे जण आहेत उचलायला. तू घाबरू नको. तक्त्यात पाणी पूर्ण साडेसातला आहे. सातला घरातून काढतो."

"बाबा, तक्ता चुकलाय."

"काय?"

"तक्ता चुकलाय. एक तास. माझी चूक. पाणी साडेसहाला पूर्ण. पावणेसहाला होडी सुटते. आत्ताच आणा तिला."

"ऐकू येत नाही नीट. तक्ता काय?"

"बघू नका तक्ता. तुम्ही मोजा. आज अष्टमी. बोटांवर मोजा."

वाऱ्याचा आवाज. मग:

"मी आता मोजत नाही गो बाय. सोडलं ते. तूच सांग, तक्त्याने जाऊ की…"

"पावणेसहा," मी म्हणाले. तीनदा म्हणाले.

पहिल्यांदा म्हणाले तेव्हा लाइन होती की गेली होती, सांगता येत नाही. फोनच्या पडद्यावर ५६ सेकंद दिसतात. त्यात शेवटचे किती शब्द बसले ते कुठेच दिसत नाही.

५:४२ ते ६:२० एकोणीस वेळा लावला. पोहोचक्षेत्राबाहेर. म्हणजे बाबा धक्का सोडून घराकडे गेले. दोन्ही अर्थ होतात. ऐकलं म्हणून तिला आणायला गेले. किंवा नाही ऐकलं, म्हणून सातची वाट बघायला गेले.

मध्ये संदीपला लावला. "गाडी पलीकडे आत्ताच उभी करायला सांग. आत्ता."

"केली. निघालाय तो. ताई, मी अजून पुण्यातच आहे, आठ तासांवर."

"माहीत आहे."

"पायाळू आहे गं ते."

"माहीत आहे."

फोन दोघांनीही ठेवला नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मी बाबांचा नंबर लावत बसतो, तू ठेव."

हिशेब: घर ते धक्का खुर्चीने २० मि. खाडी २५ मि. पलीकडून हॉस्पिटल ४० मि. सातला घरातून निघाले तर धक्क्यावर ७:२०. शेवटचं पाणी ७:१५.

पाच मिनिटं. डिसेंबरात बाबांचे चाळीस होते.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "खाली नको जाऊ आज. मी बोलतो साइटवर." मी जाते म्हटलं. आज पंप चालू करायचेत, जोडणी फक्त मला माहीत आहे, आणि फोनसमोर बसून… फोनसमोर बसून पाण्याचं काय होणार आहे.

दिव्यांच्या खोलीतल्या बाईंना फोन दिला. सांगितलं, वाजला तर उचलू नका. फक्त मोजा.

"वाजला तर उचलायचा नाही?"

"नाही. माझे वडील आहेत. एकदा वाजून थांबला तर सगळं ठीक. लागोपाठ दोनदा वाजला तर खाली निरोप पाठवा."

"आणि वाजलाच नाही, तर?"

याचं काही ठरलेलं नव्हतं. आजवर तशी वेळच आली नव्हती.

त्यांनी टेपचा तुकडा फोनच्या पाठीवर चिकटवून मार्करने लिहिलं: १ ठीक, २ निरोप. खाली रेघ मारून जागा मोकळी ठेवली. मग विचारलं, "कोण आहे तिकडे?" मी म्हणाले, बहीण. त्यांनी माझ्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

६:५६. बाकावर बसून लिहितेय. डेल पिंजऱ्याच्या दाराशी हात वर करून उभा आहे.

सातला खाली. तिकडे साडेसहा, पूर्ण पाणी. भांगाला पाणी धक्क्याच्या चौथ्या पायरीपर्यंत येतं. मग थोडा वेळ तसंच उभं राहतं, मग फिरतं. लहानपणी बाबा मला त्या पायरीवर बसवून म्हणायचे, पायाला लागलं की सांग. मी सांगितलं की ते होडी सोडायचे.

चौथी पायरी आत्ता ओली झाली असेल. होडी अजून तिथे बांधलेली आहे, की पावणेसहालाच…