हाकेचा शब्द

४ जानेवारी, रविवार
पुन्हा तेच! प्रदर्शन परवावर आलंय आणि आमचा बोलका डबा अजूनही ‘अहो’ या शब्दालाच जागा होतो. कुणीही ‘अहो’ म्हटलं की लगेच घोगऱ्या पुरुषी आवाजात — ‘बोला, ऐकतोय.’ चाचणी माझ्याकडे, म्हणून चार महिने कानीकपाळी ओरडतेय — शब्द बदला, लोक दर दुसऱ्या वाक्यात तो वापरतात. साहेब म्हणतात, “घरातला माणूस वाटला पाहिजे.” ह्यांच्या घरात ह्यांना कोण विचारतं, देव जाणे.

६ जानेवारी, मंगळवार
पहिला दिवस. आमच्या स्टॉलवर चाळीस डबे. शेजारी कपड्यांच्या घड्या घालणारं यंत्र. त्याने एका बाईंचा स्कार्फ गिळला. त्या ओरडल्या, “अहो, थांबवा ते!” आमचे चाळीसही — ‘बोला, ऐकतोय.’ “अहो, तुम्हाला नाही!” — पुन्हा चाळीस. साहेब खूश. “बघ, किती तिखट कान आहेत.” कपाळ माझं!

७ जानेवारी, बुधवार
‘अहो’ न म्हणता दिवस काढला. “सर”, “मॅडम”, “शुक शुक”. एका काकांनी तक्रार केली की मी उद्धट आहे.

८ जानेवारी, गुरुवार
नको नको म्हणत असताना आई-बाबा आले. बाबांना दिसेल ते बटण दाबायचं असतं. ते गर्दीत सटकले आणि आईने हाका सुरू केल्या — “अहो! अहो, कुठे गेलात?” चाळीस बाप्ये तिच्या सेवेला हजर. आई लाजून लाल. “मेल्यांनो, तुम्हाला नाही, आमच्या ह्यांना!” मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबा सापडले मसाजच्या खुर्चीत, डोळे मिटून. वर मला न विचारता एक डबा घेऊन टाकला. आई म्हणाली, “एक सांभाळताना नाकी नऊ येतात, दुसरा कशाला?”

१८ जानेवारी, रविवार
घरात उच्छाद. आई विचारते, “अहो, चहा घेणार का?” डबा म्हणतो, ‘चहाची कृती सांगू का?’ बाबा मुद्दाम गप्प बसतात आणि पेपराआड हसतात. आईने डबा दोनदा कपाटात कोंडला, बाबांनी दोनदा बाहेर काढला. ऑफिसात तक्रारींचा ढीग. त्यातल्या दोनशे छापून शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर आपटल्या. शेवटी नरमले एकदाचे — “बरं, बदलू.”

९ फेब्रुवारी, सोमवार
बाबांना जाऊन दोन आठवडे झाले. सकाळी दाढी करताना पडले, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लिहवत नाही.

२ मार्च, सोमवार
शब्द बदलला. आज दुपारी घरोघरच्या सगळ्या डब्यांना नवा शब्द पाठवायचा होता. जिंकले मी.
सकाळी आईला सांगितलं — आता तो ‘अहो’ला बोलणार नाही, सुटलीस. ती भांडी पुसत होती. हातातली वाटी पुसतच राहिली. मग म्हणाली, “आपला तेवढा राहू दे गं. हाक मारली की कुणी ओ तरी देतं.”
यादीतून एक डबा वगळला. साहेबांना सांगितलं नाही.