नाव, गाव, वॉर्ड तीन

प्रिय अंकित,

जय भीम. पौर्णिमा डब्याबरोबर हे पत्र आणून देईल. तुझ्या जबड्याला तारा बांधल्या आहेत आणि तुझा फोन त्यांनी दगडानं ठेचला, म्हणून कागदावर बोलतो आहे. तुझी आई वाचून दाखवायला बसली, तर शेवटचा भाग तिच्या हाती देऊ नकोस. जयवंता माझी धाकटी बहीण आहे, तिचा जीव किती ते मला माहीत आहे.

ग्रामसभेत बोलायला उठलेल्यानं आधी नाव, बापाचं नाव आणि वॉर्ड सांगायचा, ही आपल्याकडची रीत. तुझ्या यूट्यूब चॅनेलसाठी घाटावरचे रेतीचे ट्रॅक्टर दाखवताना तू मोबाइलसमोरही तीच रीत पाळलीस. रेती उपसून उपसून नदीकाठची विहीर आटली, हे अख्ख्या गावाला दिसत होतं. बोलत तू एकटाच होतास. तोंड तरी दाखवू नको, असं मी तुला विनवलं होतं. तू हसून म्हणालास, "मामाजी, नाव लपवलं तं ते चुगली होते. नाव सांगतलं तं गावातल्या मानसाचं म्हननं होते." मला ते तेव्हा पोरकट वाटलं होतं.

त्या सकाळी मी खालच्या डोहावर बैलांना पाणी पाजत होतो. वर राकेश आणि त्याची माणसं तुझ्याभोवती उभी दिसली. तुझ्याच वर्गात शिकलेला, आता रेतीच्या ट्रॅक्टरवर असलेला राकेश. फावड्याचा दांडा त्याच्या हातात होता. "सांग ना नाव, मोठा पत्रकार होऊन राह्यला," एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. तू नाव सांगितलंस. दांडा बसला. तू बापाचं नाव सांगितलंस. पुन्हा बसला. वॉर्ड सांगायला तू तोंड उघडलंस, तेव्हा लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला आणि तुझ्या तोंडातून नुसतं रक्त आलं. मी ओरडत धावत होतो, पण ओल्या रेतीत पाय रुतत होते. पोचलो तोवर ते ट्रॅक्टरवर चढले होते. माणिकच्या टेम्पोत तुझं डोकं मांडीवर धरून आम्ही सेवाग्रामचा दवाखाना गाठला. तुझा एक दात माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिला होता. तुझ्या मामीला तो कपडे धुताना सापडला. ती तशीच दगडावर बसून राहिली.

ठाण्यात जमादारानं मोटारसायकल घसरल्याचा अपघात लिहिला. संध्याकाळची वंदना आटोपल्यावर आपले सरपंच रूपराव विहारात आले. ट्रॅक्टर त्यांचेच, हे कोणी बोलत नाही एवढंच. चटईवर शेजारी बसून ते मायेनं म्हणाले, "पोरगं आपलंच हाय, प्रेमदास. गाडीवरून पडला म्हनून त्याची सही आन. मिटून जाईन." मी म्हटलं, आताच खोटं न बोलण्याचं शील घेऊन उठलो आहे, निदान आजचा दिवस तरी राहू द्या. ते हसले, खांद्यावर थाप मारून गेले.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात आपला ढवळ्या बैल आडवा दिसला. मागच्या पायाची शीर कुऱ्हाडीनं तोडलेली. तो उठायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. दुपारपर्यंत त्यानं माझ्याकडे पाहत जीव सोडला. अंकित, पहिलं शील, कुणाचा जीव न घेण्याचं, मी लहानपणापासून म्हणत आलो. त्या दुपारी त्यातला एक शब्द आठवला नाही. कुऱ्हाड घेतली आणि राकेशच्या घराकडे निघालो. त्याचं डोकं मला दिसत होतं, ते कसं फुटेल तेही दिसत होतं. खोटं कशाला सांगू, ते बघून बरं वाटत होतं.

चौकात तुझी बहीण आडवी झाली. मामीनं तिला पाठवलं होतं. पौर्णिमा रडली नाही की माझे पायही धरले नाहीत. आपला मोबाइल पुढे करून म्हणाली, "मामाजी, कुऱ्हाडीनं तुमचीच बातमी होईन. यात बोला." मग कुऱ्हाड तिच्या हाती दिली आणि आम्ही घाटावर गेलो. तुझं रक्त सांडलं होतं तिथं उभा राहून मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, वॉर्ड सांगितला आणि जे पाहिलं ते राकेशच्या नावासकट सांगितलं. तू बोलायचास तसं मला जमलं नाही. पौर्णिमानं ते तुझ्याच चॅनेलवर टाकलं. संध्याकाळी त्या व्हिडिओखाली माणिकनं आपलं नाव आणि वॉर्ड लिहिला, बाकी काही नाही. मग शेजारच्या वर्षालीनं लिहिलं. मग आणखी लोकांनी. नुसती नावं आणि वॉर्ड. सभेतही इतकी माणसं उठत नाहीत.

रूपरावांनी त्यानंतर निरोप पाठवला नाही. सकाळपासून रिकामा ट्रॅक्टर इंजिन चालू ठेवून आपल्या दारासमोर उभा आहे. ठाण्यात खरं लिहून घेत नाहीत, म्हणून उद्या मी थेट कोर्टात जबाब द्यायला पायीच फाट्यापर्यंत जाणार आहे, तोच एक रस्ता आहे. तू सही करू नकोस. आणि माझ्या हातचं हे पत्र जपून ठेव. मामाही मोटारसायकलवरून पडला, असं कोणी सांगायला आलं, तर त्याला हे दाखव. मला मोटारसायकल चालवता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझाच,
प्रेमदास मामा
वॉर्ड नंबर तीन